मुठीखालचा गंज

मित्रांनो, मी एक जुना जपानी खंजीर आहे. सध्या मुक्काम मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात. एकदा माझ्या धारेवर माशी बसली आणि उडाली ती दोन दिशांना, अर्धी अर्धी. पटत नसेल तर सोडून द्या. पण पुढचं खरं आहे. ते आठवलं की अजून माझं पोलाद गार पडतं.

मला घडवणाऱ्या लोहाराने माझ्या शेपटावर, मुठीत लपणाऱ्या भागावर, दोन अक्षरं कोरली होती. वरचं त्याच्या घराण्याचं, खालचं त्याचं स्वतःचं. त्यांवर शेकडो वर्षांचा काळा गंज चढला. तो गंज कुणी काढायचा नसतो. आमचं वय त्यावरूनच ओळखतात.

पुढे एका खलाशाने मला गोदीतल्या दोस्ताला भेट दिलं. त्या दोस्ताचाच मुलगा जयवंत, माझा आताचा मालक, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. यंदा खंडेनवमीला जुनी शस्त्रं पारखणाऱ्या रुचिराबाई येणार होत्या. खरा ठरलो तर संग्राहकाकडे, नाहीतर भंगारात, असं त्याच्या बायकोने, विमलाबाईंनी, आधीच जाहीर केलं होतं.

त्या सकाळी जयवंतने मुठीतली बारीक खुंटी ठोकून बाहेर काढली आणि माझी मूठ उतरवली.

“अगं, हा आतून पार गंजलाय.”

“मग घासा ना. तुमचे पाने-पकडी लखलखतायत पूजेत, आणि हा असा? त्या बाई काय म्हणतील?”

“तुला काय म्हणतील? फिटर मी आहे.”

त्याने पॉलिश पेपर काढला. माझी धार फडक्यात करकचून बांधलेली, नाहीतर बोट कापून त्याला थांबवलं असतं. खालच्या टोकाकडून त्याने सुरुवात केली. खर्र. खर्र. मी लढाया पाहिल्यात असं सगळ्यांना सांगत आलो. पण इतका कधी भ्यालो नव्हतो. आपलं नाव भुकटी होऊन वर्तमानपत्रावर पडताना पाहायचं, आणि ओरडायला तोंड नाही.

बेल वाजली. विमलाबाईंनी दार उघडलं.

“काका, हात थांबवा,” रुचिराबाई दारातूनच म्हणाल्या.

त्यांनी मला खिडकीशी नेलं. फडकं सोडून धारेलगतची, घडवताना उमटलेली पांढुरकी लाट पाहिली, मग शेपटावर भिंग धरलं. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक मला स्पष्ट ऐकू येत होती.

“खरा आहे,” त्या म्हणाल्या. “वरचा गंज वाचला म्हणून सांगू शकते. घराणंही कळतंय. पण कोणाच्या हातचा, ते आता नाही कळणार. खालचं अक्षर गेलं, काका.”

जयवंतने खाली पाहिलं. मग वर्तमानपत्रावरची तपकिरी भुकटी त्याने बोटाने गोळा केली, तिची पुडी बांधली आणि पुढे धरली.

“हे परत बसवता नाही ना येत?”

“नाही,” म्हणत रुचिराबाईंनी पुडी त्याच्याकडेच परत सरकवली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला उजळायला घेण्याआधी जाणत्याला विचारा. मी आता संग्राहकाकडे जाईन, काचेत बसेन, लोक वाकून पाहतील. माझ्या लोहाराचं नाव मात्र मुलुंडलाच राहील, देव्हाऱ्यातल्या एका पुडीत.