चौथ्या गारुफालियाचं टोपणनाव

गारुफालिया म्हातारीला चार मुलगे, आणि चौघांचीही थोरली लेक गारुफालिया. यात कुणी काही वावगं केलं नव्हतं. त्यांच्या बेटावर पहिल्या मुलीला बापाच्या आईचंच नाव देतात. चार सुनांपैकी एकीनंही कुरकुर केली नाही, निदान म्हातारीच्या कानावर पडेल अशी तरी नाही. पण त्यामुळे व्हायचं काय, की गच्चीवरून तिनं "गारुफालिया!" अशी हाक मारली आणि सोबत भोपळ्याच्या वड्यांचा वास सुटलेला असला, की चौघी धावत यायच्या. बकरीला पाणी दाखवायचं असलं, की हाक दुसरीलाच आहे असं प्रत्येकीला वाटायचं. अशा वेळी ओ यायची ती फक्त धाकटीची.

म्हणून मग टोपणनावं पडली. थोरली 'भोंगा'. बाप्तिस्म्याच्या दिवशी ती अशी काही रडली की बोट आली समजून लोक सामान घेऊन बंदरावर गेले होते. दुसरीचं डोकं दह्याच्या मडक्यात अडकलं होतं, ती 'दही'. तिसरी कुठल्याही गोष्टीवर आधी तीन प्रश्न विचारायची, ती 'वकील'. धाकटी सहा वर्षांची होती. तिच्या हातून सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, त्यामुळे ती नुसती 'चौथी'.

मंगळवारी म्हातारी गच्चीवर अंजिरं वाळत घालत होती, तेव्हा चौथी येऊन शेजारी बसली.

"आजी, सोमवारी माझी शाळा."

"ठाऊक आहे. दप्तर कुणी शिवलं?"

"बाई हजेरी घेणार. गारुफालिया म्हटलं की तिघी आधीच आहेत. मग बाई म्हणणार, 'चौथी आली का?' मला नाही व्हायचं चौथी."

"मग काय व्हायचंय?"

"भोंग्यासारखं पाहिजे. माझं एकटीचं." तिनं डोळ्यांवर मूठ चोळली. "चौथी म्हणजे उरलेली."

म्हातारीच्या हातातलं अंजीर हातातच राहिलं. आपलं नाव चार घरांत गेलं म्हणून ती आजवर गावभर मिरवली होती, आणि इथं या पोरीला ते उष्टं वाटत होतं. ते तिला फार लागलं.

"डोळे पूस आधी," ती म्हणाली. "मी जितीजागती बसलेय ना इथं! सोमवारच्या आत तुला नाव मिळवून देते."

बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली. कारण या गावात टोपणनाव कुणाला मिळवून देता येत नाही. ते गावानं चिकटवावं लागतं. तिला स्वतःला लोक पाठीमागे 'कात्री' म्हणत. एकोणीस वर्षांची असताना, मुख्य भूमीवरून बघायला आलेला पाहुणा उठायचं नाव घेईना, तेव्हा तिनं मेंढ्या कातरायच्या कात्रीनं त्याच्या होडीचा दोर कापून टाकला होता. हे नाव तोंडावर घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. तिला मात्र ते मनातून आवडायचं.

बुधवारी ती फोतिसच्या बेकरीत गेली आणि दहा बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोन पाव जास्त दे रे. आमच्या मोतीला आवडतात."

"मोती? कुत्रा पाळलात की काय, काकू?"

"मेल्या, नात आहे माझी! धाकटी!"

"हां, चौथी होय!" फोतिस पिठाचे हात झटकत हसला. "काकू, टोपणनाव काय भट्टीत टाकून भाजून मिळतं? आणि तेही असलं गोड? या गावात ते संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. पोरीनं काहीतरी करून दाखवायला हवं."

हे म्हातारीनं घरी येऊन सांगितलं, हीच चूक झाली. गुरुवारी चौथी गाढवावर उलटी बसून चौकातून गेली. कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनी सोंगट्यांवरून मान वर केली नाही. शुक्रवारी तिनं कपड्यांसकट बंदरात उडी मारली, पण तसली उडी वकिलानं आदल्याच आठवड्यात मारली होती. पोरगी ओलीगच्च होऊन घरी आली, तेव्हा तिची आई, म्हणजे धाकटी सून आन्थुला, कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती.

"आई, तुम्हीच हिला डोक्यावर चढवून ठेवलीये."

"माझ्याच डोक्यावर आहे ना? तुझी मान दुखतीये का?" असं म्हातारी म्हणाली खरी, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. शनिवार गेला. पोरीनं नावाचा विषय काढणं सोडून दिलं, आणि ते तर म्हातारीला जास्तच टोचलं.

रविवारी म्हातारीच्या नवऱ्याचं, सारांदिसचं, वर्षश्राद्ध होतं. म्हातारीनं रीतसर गहू उकडले, त्यात डाळिंबाचे दाणे आणि बदाम घातले, वरून साखरेचा जाड थर दिला आणि त्यावर क्रूस काढला. गावचे पाद्री पापा-स्त्रातिस यांना प्रार्थनेत वाचायला दोन याद्या लिहिल्या. एक हयातांची, एक मयतांची. हयातांच्या यादीत गारुफालिया पाच वेळा लिहिताना तिला पहिल्यांदाच ओशाळल्यासारखं झालं.

देवळात चौथीला सगळ्यात पुढं उभं केलं होतं, गव्हाच्या ताटाशी, हातात मेणबत्ती देऊन. पापांनी चष्मा चढवला आणि मयतांची यादी वाचायला घेतली.

"सारांदिस... निकितास... थेओक्तिस्ती... गारुफालिया..."

मेणबत्ती दणकन खाली आली.

"मी मेले नाही!" चौथी किंचाळली. "पापा, मी जितीजागती उभी आहे ना इथं!"

मग पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी फुस्स केलं, आणि त्यापुढं कुणाला हसू आवरेना. आन्थुलानं डोक्यावरचा रुमाल पदरासारखा तोंडावर ओढला. म्हातारीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. नवऱ्याचं श्राद्ध, साऱ्या गावासमोर! पापांनी चष्मा काढला, पोरीकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. तू दुसऱ्या यादीत आहेस." आणि पुढं वाचू लागले. दाढी मात्र शेवटपर्यंत हलत होती.

बाहेर अंगणात म्हातारी खाली मान घालून गव्हाच्या पुड्या वाटत होती. फोतिसनं दोन पुड्या उचलल्या आणि मोठ्यानं म्हणाला, "काकू, त्या जितीजागतीला साखर जास्त घाला हो!"

"जितीजागती कुठं गेली?" पलीकडून आवाज आला. "फोटो काढा तिचा, पुरावा म्हणून!"

मडक्यात डोकं अडकवून नाव कमावलेली दहीसुद्धा हेव्यानं बघत राहिली. दुपारपर्यंत बंदरातल्या कोळ्यांनाही नाव ठाऊक झालं. चौथी आता चौथी राहिली नव्हती. ती तोंडभर साखर लावून अंगणभर उड्या मारत होती, आणि म्हातारीला रागवायचं होतं तेच आठवेना.

चढावरून घरी जाताना पोरीनं तिचा हात धरला.

"आजी, मग ती मेलेली गारुफालिया कोण?"

"माझी आजी. तिचं नाव मला दिलं, माझं तुम्हाला."

पोरगी पुढच्या पायरीवर चढून वळली. "म्हणजे तू मेलीस की पापा तुझं नाव त्या यादीत वाचणार?"

"वाचणार तर. आणि त्या दिवशी असा तमाशा करायचा नाही, सांगून ठेवते."

"करणार."

"का गं कार्टे?"

"तू हाक मारतेस तेव्हा त्या तिघी गप्प बसतात," जितीजागती म्हणाली. "पापांनी तुझं नाव घेतल्यावर कुणीतरी ओ द्यायला नको?"

म्हातारी पायरीवरच थांबली. चढ फार झाला असं काहीतरी पुटपुटली आणि रुमाल शोधू लागली. तो हातातच होता.