मीठ बघणारी सून

देऊळघाटात कुणाकडे साखरपुडा असो की तेरवीचं जेवण, चूल पेटायच्या आधी एक निरोप सत्यभामाबाईंच्या घरी ठरलेला असायचा. "नुसत्या येऊन उभ्या राहा," असं लोक म्हणायचे. पण बाई काही नुसत्या उभ्या राहणाऱ्यातल्या नव्हत्या. पदर खोचून त्या कढईपाशी जायच्या आणि शंभर माणसांच्या वांग्याच्या भाजीत मुठीनं मीठ टाकायच्या. चाखून कधी बघायच्या नाहीत. वाफेवर नाक धरलं की त्यांना सगळं कळायचं. "धने कच्चे राह्यले," म्हणायच्या, आणि खरोखरच राहिलेले असायचे.

यंदा दिवाळी आटोपली आणि बाईंना ताप आला. चार दिवसांनी तो उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी आलं ठेचून चहा केला, घोट घेतला, तर नुसतं गरम पाणी. सर्दी असेल म्हणून त्यांनी हिंगाचा डबा उघडून नाकाशी धरला. काही नाही. मग कापूर, मग लसणाची पाकळी चिरडून. काहीच नाही. जिभेलाही कशाचा पत्ता लागेना. बाई ओट्याला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग कुणाला काही न सांगता पोळ्यांची कणीक मळायला बसल्या.

न सांगण्याला कारण होतं. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांना शाळा दोनच इयत्ता मिळाली होती. शेतातलं सगळं नवरा किसनराव आणि मुलगा निवृत्ती बघत. बाईंचं म्हणून जे काही होतं ते त्या स्वयंपाकघरात होतं. पळी हातातून गेली तर आपण घरात कोण, हा प्रश्न त्यांना तापापेक्षा जास्त भिववत होता.

आणि घरात सून होती. राखी खामगावची, बी.ए. झालेली, बोलायला कमी. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिनं एकदा पाहुण्यांसाठी वरण केलं होतं. बाईंनी एक घोट घेतला आणि चारचौघांत म्हणाल्या, "हे गुरापुढं ठेवा." राखीनं पातेलं उचलून आत नेलं. त्या दिवसापासून तिनं भाकरी थापाव्या, भाजी चिरावी, ताटं करावीत आणि फोडणी सासूनं घालावी, अशी वाटणी होऊन गेली.

त्यामुळे बाईंनी ठरवलं, हाताच्या सवयीवर निभावून न्यायचं. चिमूट तीच, मूठ तीच, मग चव कुठं जाईल? आणि झालंही तसंच. दीड महिना घरात कुणी जेवताना तोंड वाकडं केलं नाही. भाजी उतरली की राखी म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही हातपाय धुऊन घ्या, ताटं मी करते." बाई न्हाणीकडे जायच्या आणि परत येऊन सगळ्यांना नीट जेवताना बघायच्या. हात विसरत नाही, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती.

नाताळच्या सुट्टीत नाशिकहून त्यांची मुलगी पुष्पांजली आली, सोबत नऊ वर्षांची डिंपल. आल्याच्या तिसऱ्या दिवशी डिंपल आजीच्या मागं लागली.

"आजी, माझ्या सगळ्या मैत्रिणी सुट्टीत केक करणारेत. आपण पण करू ना!"

"बुलडाण्याहून आणू की," पुष्पांजली म्हणाली. "इथं कुठं ओव्हन आहे?"

"इकत कायले आणायचा?" बाई उसळून म्हणाल्या. "गहू घरचे, गूळ घरचा, दही घरचं. कढईत मीठ तापवायचं, वर जाळी ठेवायची, त्यावर डबा. बचत गटात शिकवलं हाये आमाले. बिनअंड्याचा, बिनमैद्याचा. उद्या करतो तुह्यासाठी."

त्याच संध्याकाळी खामगावहून फोन आला. राखीच्या वडलांच्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. निवृत्ती तिला सकाळी गाडीवर घेऊन जाणार होता. निघताना राखी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळली.

"आत्याबाई, मी उद्या येतेच. तोवर... साधंच करा काहीतरी. खिचडी वगैरे."

"लेक माहेराले आली अन् तिले खिचडी घालू?" बाई म्हणाल्या. "जा तू. माह्या चुलीची काळजी नोको करू."

राखी गेली. बाईंनी दुपारी वांग्याची भाजी केली, डाळ केली, भाकरी केल्या. किसनरावांनी पहिला घास घेतला आणि तांब्याकडे हात नेला. पुष्पांजलीनं ताटात बघितलं.

"आई, मीठ दोनदा पडलं का गं?"

"समुद्रासारखी लागतेय," डिंपल म्हणाली आणि जीभ बाहेर काढली.

बाई हसल्या. म्हणाल्या, बोलता बोलता पडलं असेल. सगळ्यांनी दही-भाकर खाल्ली. पण बाईंनी आपली मूठ उघडून बघितली. एका दिवसात हात कसा काय विसरला?

जेवणं आटोपल्यावर त्यांनी डिंपलला शेजारी बसवून कणीक चाळली, गूळ दह्यात विरघळवला, तेल घातलं, चमचाभर सोडा टाकला. पोर हरखून गेली होती. कढईतलं मीठ तापल्यावर डबा आत ठेवला, वर झाकण घातलं. डिंपल शेजारच्या मुलींना बोलवायला पळाली, पुष्पांजली केस धुवायला गेली, आणि बाई दाराच्या उजेडात पाठ गॅसकडे करून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. सोलता सोलता त्यांचा डोळा लागला की नुसतं मन कुठं गेलं, कोण जाणे. भान आलं ते किसनरावांच्या आवाजानं.

"अवं, काय जळून राह्यलं? पार रस्त्यापर्यंत वास आला!"

बाईंनी वळून बघितलं. झाकणाच्या कडेनं काळा धूर निघत होता. किसनरावांनी धावत जाऊन गॅस बंद केला. डब्यातला केक वरून खालपर्यंत कोळसा झाला होता. दारात डिंपल उभी, मागं शेजारच्या चार मुली, आणि डोक्याला पंचा गुंडाळलेली पुष्पांजली.

"आई, तू इथंच बसली होतीस."

"हाव."

"मग तुला वास नाही आला?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "नाई आला," बाई म्हणाल्या. "दीड महिना झाला. मले कशाचाच वास येत नाई. चव बी नाई."

डिंपल म्हणाली, "म्हणून मामी रोज तुझी भाजी नीट करते का?"

"कोणती भाजी?"

"तू हात धुवायला जातेस ना, तेव्हा मामी चमच्यानं खाऊन बघते. कधी पाणी टाकते, कधी लिंबू पिळते. काल तिनं कणकेचा गोळा टाकला आणि मग काढून घेतला. मी विचारलं तर म्हणाली, हे आपल्या दोघींतच ठेव."

बाईंनी किसनरावांकडे बघितलं. ते पागोट्याचं टोक उगाच सारखं करत होते.

"तुमाले बी ठाऊक होतं?"

"एकदा डाळीची फोडणी काळी झाली होती," किसनराव म्हणाले. "म्या तोंड उघडलं, तं सुनेनं हात जोडले. म्हणे, मामंजी, बोलू नका, त्याइले लागंल. मग तिनं ती डाळ गाईच्या घमेल्यात वतली अन् पंधरा मिनिटांत दुसरी लावली. तू तुळशीपाशी दिवा लावत होती."

बाई उठल्या आणि मागच्या अंगणात जाऊन जळका डबा घासायला बसल्या. पुष्पांजलीनं घासणी घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. राग आला होता, पण कुणाचा ते धड कळत नव्हतं. दीड महिना आपण राणीसारखं मिरवलो आणि ती पोर आपल्या मागं मागं मीठ सावरत फिरली. रोज दोन वेळा. एक दिवस जरी तिनं ती भाजी तशीच ताटात वाढली असती, तर घरातल्या घरात सासूचं हसू झालं असतं आणि पळी आपोआप तिच्या हातात आली असती. गुरापुढं ठेवण्यासारखं तर सासूनंच रांधलं होतं. तिनं एवढंच करायचं होतं की काहीच करायचं नाही.

डबा निघेचना. बाई घासत राहिल्या आणि मग त्यांना रडू आलं. पुष्पांजली जवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना राखी आली. वडलांचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. पिशवी ठेवून ती सवयीनं स्वयंपाकघरात शिरली, तर बाई पाटावर बसून तिची वाट बघत होत्या.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "काऊन नाई सांगितलं मले?"

राखीला कळायला क्षणभर लागला. मग ती खाली बसली. "तुम्ही सांगितलं नाही ना कुणाले. मले वाटलं, तुमाले सांगायचं नसंल."

"चारचौघांत म्या तुह्यं वरण गुरापुढं ठेवाले लावलं होतं. आठवते का नाई?"

"आठवते."

"मग?"

राखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "त्या दिवशी मले लय वाईट वाटलं होतं, आत्याबाई. दोन रात्री झोप नव्हती आली. म्हणूनच... तसं तुमाले वाटू नये, असं वाटलं. दुसरं काही नाही."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. चार वर्षं ही मुलगी या घरात वावरत होती आणि आपण तिला आज पहिल्यांदा बघतो आहोत, असं त्यांना वाटलं. आभार मानायची त्या घरात रीत नव्हती. त्यासाठी लागणारे शब्द बाईंपाशी नव्हते. जे होतं ते त्यांनी खरं खरं सांगितलं.

"तुह्या जागी मी असती, तं मी असं केलं नसतं पोरी. मी मजा पाह्यली असती."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जरा अवघडूनच, आणि म्हणाल्या, "चाल, ऊठ. आज फोडणी तू घाल. मी सांगतो कधी, तू सांग कसा वास येते."

पुष्पांजली निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत केला. थंडीच्या दिवसांत यासारखं सोपं आणि सोयीचं जेवण नाही. जाडसर दळलेले घरचे गहू, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, आणि भाजायला अंगणातल्या गोवऱ्या. भाजीला मळ्यातली वांगी होतीच. आळीतली सात-आठ घरं बोलावली.

गोवऱ्यांचा जाळ बसला, लालबुंद निखारे झाले आणि बाईंनी रोडगे आत पेरले. भाजल्याचा खमंगपणा आता त्यांना कळणार नव्हता. त्यांनी चिमट्यानं एक रोडगा बाहेर ओढून बोटानं टिचकी मारली. आवाज जड आला. "अजून कच्चा हाये," त्या म्हणाल्या आणि परत सारला. वास गेला तरी कान होते, बोटं होती. तिकडं भाजीच्या कढईपाशी राखी होती.

"कसा वास येऊन राह्यला?" बाईंनी इकडून हाक दिली.

"चांगला!"

"चांगला म्हंजे कसा? मले दिसला पायजे."

राखी विचारात पडली. बोलायची सवय नसलेली ती, वाफेवर वाकून शब्द शोधू लागली. "खोबरं भाजलेलं येते वर... लसूण मागून येते. अन् खाली काहीतरी... पाऊस नसलेल्या शेतासारखं, सुकं."

"धने हायेत ते. अर्धी वाटी पाणी घाल, झाकण ठेव."

राखीनं पाणी घातलं आणि हसून म्हणाली, "आता ओलं झालं."

डिंपलचा केकही त्याच दिवशी झाला, निखाऱ्यांच्या उरल्या धगीवर. यावेळी राखी शेजारून हलली नाही आणि गूळ करपायच्या आत, त्याचा खमंग वास नुसता सुटायला लागल्याबरोबर तिनं डबा उचलला. एका बाजूनं तो जरा खचला, पण डिंपलनं पहिला तुकडा मामीला भरवला आणि दुसरा आजीला. आजीच्या जिभेला तो मऊ लागला, कोमट लागला. गोड लागला नाही. पोर तोंडाकडे बघत होती म्हणून नव्हे, तर मनापासून त्या म्हणाल्या, "लय झकास झाला."

पंगत बसली. रोडगे फोडून त्यात तूप सोडलं, वर भाजी वाढली. शेजारीण दुसरा रोडगा मागून घेत म्हणाली, "सत्यभामाबाई, तुमच्या हाताले तोड नाई बाप्पा."

एरवी बाई अशा वेळी मान डोलवून पुढच्या ताटाकडे जायच्या. आज त्या वाढता वाढता थांबल्या.

"माह्यं नाक गेलं, बाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दिवाळीपासून. मले वास येत नाई अन् चव बी कळत नाई. भाजी राखीनं केली. मागचे दीड महिने या घरात जे गोड लागलं ते तिच्यामुळं. म्या नुसते रोडगे भाजले."

राखी तुपाची वाटी घेऊन जिथं होती तिथंच उभी राहिली. मग त्या शेजारणीनं आपलं ताट तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मग पोरी, भाजी वाढ ना अजून."

जानेवारीत राखीनंच हट्ट करून सासूला बुलडाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कधीकधी येतो परत वास, वेळ लागतो. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, ओवा असं एकेक नाकाशी धरून हुंगत जा. आता सकाळी उन्हात बसून बाई डोळे मिटून लवंग हुंगतात आणि राखी शेजारी भाजी निवडत विचारते, "आलं का काही?" बहुतेक दिवशी नाही येत. एक-दोनदा काहीतरी पुसट आल्यासारखं वाटलं, पण बाईंना खात्री नाही.

"नाई आलं तं नाई," त्या लवंग तोंडात टाकून म्हणतात. "आज पाटोड्या करू का? बेसन मी घोटतो. मीठ तू बघ."