धावजींचा रडवा तवा

मी एक तवा. भाकरीचा नव्हे, गाण्याचा. पुस्तकी लोक मला तबकडी म्हणतात. आमच्या पांढरकवड्यात तसं म्हटलं तर कुणी वळूनसुद्धा पाहणार नाही.

जन्म अमेरिकेतला. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी तिकडे रॉक अँड रोलचं वेड आलं आणि शाळकरी पोरंही गायक झाली. असाच एक सोळा वर्षांचा पोरगा माझ्या पोटात आहे. मिसरूड फुटायचं आहे, पण प्रेमात पार बुडालेला. मैत्रिणीला विनवतोय, की नऊ वाजता तुझे वडील न्यायला येतील, तोवर एकदा तरी नाच माझ्याबरोबर. सव्वादोन मिनिटांत एवढंच मागणं.

फिरत फिरत मी हैदराबादच्या जुन्या बाजारात पोचलो. तिथून लाऊडस्पीकरवाल्या धावजींनी मला उचललं. माझं मधलं भोक भलं मोठं. त्यांनी जुन्या चपलेचं रबर कापून त्यात बसवलं. अपमान झाला, पण बसलं मात्र चपखल. खरा घोटाळा पुढेच. मी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या मारणारा आणि त्यांच्या मशीनचा खटका तेहतिसावर अडकलेला.

पोरगा म्हातारा झाला! असा घोगरा, रडका आवाज निघाला की गल्लीतली कुत्री गप्प बसली. शब्द कुणाला कळेनात, म्हणून इंग्रजीच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनाही कळले नाहीत. पण मास्तर तसं कसं म्हणतील? डोळे मिटून म्हणाले, "बाप पोरीले निरोप देऊन राह्यला."

झालं! तेव्हापासून प्रत्येक लग्नात बिदाईला मीच. आमच्या धंद्यात रुमाल किती भिजले त्यावर लाऊडस्पीकरवाल्याचं नाव ठरतं. पन्नास वर्षांत मी नवरदेवांनासुद्धा रडवलं.

यंदा घरचंच लग्न निघालं. धावजींची नात रुपाली, यवतमाळला शिकलेली. आठ दिवस आधी तिने मशीन पुसताना तेल घालून खटका सोडवला, माझ्यावरचा आकडा वाचला आणि मला पंचेचाळीसवर सोडलं. माझा पोरगा पुन्हा सोळाचा! रुपाली नाचायलाच लागली.

"आबाजी, हे तं नाचाचं गाणं हाय!"

धावजी मटकन खाली बसले. "म्हंजे एवढ्या पोरी म्या नाचाच्या गाण्यावर रडवल्या? लोक काय म्हणतीन वं?"

दोन दिवस धड जेवले नाहीत. मग मला पेटीत घालायला निघाले. मी घाबरलो; त्या पेटीतून आजवर एकही तवा परत आलेला नाही. पण रुपाली अडून बसली. "माह्या बिदाईले हाच तवा पाह्यजे. पण खऱ्या चालीत. मी रडत नाही जाणार, नाचत जाईन."

बिदाईला धावजींनी मला पंचेचाळीसवर लावलं. मांडव चक्रावला. रडायच्या तयारीने आलेल्या बायांचे पदर हवेतच राहिले. रुपाली नाचत नाचत गाडीपाशी पोचली, दार उघडलं आणि थबकली. गाणं निम्म्यावर आलं होतं.

"आबाजी, हळू करा ना," ती म्हणाली. "लवकर संपून राह्यलं."

धावजींनी खटका तेहतिसावर आणला. रुपाली धावत परत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. माझ्या अंगावर ओरखडे पुष्कळ. तेवढ्यात सुई एका जागी अडकली आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. एरवी मला अशा वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. सगळे धावजींकडे पाहत होते.

बाबांनो, एवढी विनंती ऐका. आत्ता कुणी येऊन ती सुई उचलू नका.