मामाला न दिसलेली टेबलं

माझा मामा औषधांच्या गोदामाचा डेटाबेस सांभाळतो. मलाही त्यानंच इथे चिकटवलं. माझ्यामुळे आता सगळं ऑफिस त्याला मामा म्हणतं, पण त्याला मामा बनवणं सोपं नाही. आल्या आल्या, चहाच्याही आधी, तो एक क्वेरी चालवतो, म्हणजे डेटाबेसला एक प्रश्न टाकतो. डेटाबेसमध्ये खुद्द डेटाबेसविषयीच माहिती देणारे तयार तक्ते, म्हणजे व्ह्यू, असतात: टेबलं कोणती, त्यांत रकाने कोणते, कुणाला कशाचा अधिकार. त्यांतून मामा टेबलांची यादी काढतो. "आधी घरातली माणसं मोजावीत, मग कामाला लागावं," हे त्याचं पालुपद ऐकून माझे कान किटले आहेत.

त्या सकाळी त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, खरेदीचं टेबल नाहीये. पुरवठादारांचंही नाही. कुणी उडवली?"

कालचा बॅकअप परत चढवायला सांगण्यासाठी त्यानं फोन उचललासुद्धा. तो चढला असता, तर त्यानंतर नोंदवलेला सगळा माल पुसला गेला असता.

"मामा, थांब जरा! मी माझ्या लॉगिननं बघते," मी खेकसले. तो घाईत असला की त्याच्याशी असंच बोलावं लागतं.

तीच क्वेरी मी चालवली. दोन्ही टेबलं जागच्या जागी होती. वर पगाराची, करारांची, अशी मी आजवर कधी न पाहिलेली टेबलंही होती.

"हुश्श! काही गेलं नाही," म्हणत मामानं फोन ठेवला. त्याला खरंच आनंद झाला होता. मी मात्र ती यादी पुन्हा वरपासून वाचली. ज्याचा जेवढ्यावर अधिकार, तेवढंच हे व्ह्यू त्याला दाखवतात. हे मला त्यानंच शिकवलं होतं. टेबलं कुठेच गेली नव्हती. मामाचे अधिकार गेले होते. त्याला कामावरून काढत होते, आणि साहेबांना ते तोंडानं सांगायची हिंमत नव्हती.

मी अधिकारांचा व्ह्यू उघडला. खरेदी, पुरवठादार, पगार, सगळ्यांपुढे मामाचं नाही, माझं नाव. हे अधिकार मला दुसऱ्यालाही देता येतील, असं शेजारच्या रकान्यात होतं. मामा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मला कुणी विचारलंही नाही, मामा. शप्पथ." मला रडू आवरत नव्हतं आणि रागही. "एका ओळीत तुझे अधिकार तुला परत देते. बघू कोण काय करतं!"

मी टाइप करायला लागले. त्यानं कीबोर्ड हळूच बाजूला सरकवला.

"वेडी आहेस का? मग तुझीही नोकरी जाईल. दोघांनी घरी बसायचं?"

"आणि आईला काय सांगू?"

"ताईला मी सांगतो, मीच सोडली म्हणून. तू काही बोलू नकोस. तुझा चेहरा बघून तिला लगेच कळतं." मग खुर्ची ओढून तो माझ्या शेजारी बसला. "करारांचं टेबल उघड. त्यात एक गोम आहे, ती तुला दाखवून ठेवतो."