मला ओढील अशी गाडी

मी एक जुनी, छोटी कॅरव्हॅन आहे. मित्रांनो, कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. मला दोन खिडक्या आहेत, पलंग आहे, छोटा ओटा आहे, दाराला पडदासुद्धा आहे. नाही ते फक्त इंजिन. पुढं एखादी गाडी जोडली आणि तिनं ओढलं तर मी जाते, नाहीतर जिथं आहे तिथंच. सध्या मी एका सुतारकामाच्या कारखान्यामागं भिंतीला टेकून उभी आहे. टायरांतली हवा कधीच गेली. पोटात प्लायवूडचे तुकडे भरून ठेवलेत, पलंग तेवढा मोकळा आहे. मला कुणी जुनी म्हटलं की हसू येतं. जुनं व्हायला आधी वापरात यावं लागतं ना? माझा आयुष्यातला प्रवास म्हणजे वजनकाट्यापर्यंत जाणं आणि गपगुमान परत येणं.

मला सुतारकाकांनी बनवलं. हा कारखाना त्यांचाच. त्यांच्या कामात खोट काढायची कुणाची हिंमत नव्हती, कारण ती ते स्वतःच आधी काढत. वखारीत गेले की एकेक फळी बोटानं ठोकायचे, कान लावायचे, आणि आवाज मनाला आला नाही की फळी बाजूला. वखारवाला वैतागून म्हणायचा, "काका, फळी निवडताय की जावई?" काका हसायचे आणि पुढची फळी ठोकायचे.

मला बनवलं ते काकूंसाठी. काकू जिन्यावरून पडल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांची कंबर कामातून गेली होती. थोडा वेळ बसलं की कमरेतून कळ निघायची ती थेट टाचेपर्यंत. आडवं पडलं की जिवाला बरं वाटायचं. आणि त्यांना जायचं होतं घाटापलीकडं, धाकट्या बहिणीकडं. धाकटीचं हृदय दुबळं झालं होतं, डॉक्टरांनी तिला खोलीबाहेर पडायलाही बंदी केली होती. म्हणजे ती येऊ शकत नव्हती आणि ही जाऊ शकत नव्हती. बसमध्ये आडवं पडता येत नाही. काका म्हणाले, ॲम्ब्युलन्स करू. काकू म्हणाल्या, "तिच्या दारात ॲम्ब्युलन्समधून उतरू? मला बघायच्या आधीच तिचं हृदय बंद पडेल."

मग काकांनी मला करायला घेतलं. पातळ प्लाय, वरून पत्रा, आत अगदी बेताचं सामान. त्यांच्याकडं एक लहानशी लाल गाडी होती, तिला सगळे डबी म्हणत. डबीनं मला ओढायचं असं ठरलं होतं. पण काकांची माया आडवी आली. प्लायचा पलंग कुरकुरेल म्हणून त्यांनी सागवानी केला. काकूंना वाकायला नको म्हणून खणांचं कपाट केलं. मग पाण्याची टाकी आली. शेवटी आली शिलाई मशीन. ती त्या दोघींच्या आईची. लहानपणी तिच्यावरून दोघी झोंबाझोंबी करत, आणि मोठी म्हणून ती काकूंकडं आली होती. आता काकूंना ती धाकटीला द्यायची होती. काकांनी ती लोखंडी मशीन पट्ट्यांनी माझ्या भिंतीशी आवळून बांधली.

काट्यावर माझं वजन झालं तेव्हा मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. हा काकांचा जुना दोस्त, शेजारच्याच गाळ्यात असायचा. "काका, ही डबीपेक्षा जड झाली. चढावर डबी हिला कशीबशी ओढेलही. पण उतारावर काय होईल? हीच डबीला ढकलत नेईल. थेट दरीत."

"मग तुझ्या काकूला हिच्यातच झोपवून नेऊ, आणि ट्रकला जोडू," काका म्हणाले.

"चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नसतो. एक धक्का बसला की आतला माणूस डब्यातल्या चमच्यासारखा आपटतो. काकू पुढच्या गाडीत बसणार. तुम्ही वाटेत थांबलात की हिच्यात येऊन आडव्या होणार. तेव्हा गाडी जड हवी, ताकदीची हवी, ब्रेक चोख हवेत, आणि सीट काकूंच्या कमरेला मानवेल अशी हवी."

झालं. घोडं अडलं ते इथंच.

पहिली आली एक जुनी जीप. रंग उडालेला, आवाज घोगरा. पण तिनं मला हळूच हिसका दिला आणि कारखान्यामागचा चढ मला घेऊन चढली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पुढं कुणीतरी आहे. वाटलं, आता आपण जाणार. तिची सीट मात्र फळीसारखी कडक होती. काकू बसल्या, ओठ घट्ट मिटून म्हणाल्या, "चालेल की." काकांनी ते मिटलेले ओठ पाहिले आणि जीप परत पाठवली.

मग आली एक लांबलचक, गुळगुळीत गाडी. सीट कापसासारखी. काकू खुशीत होत्या. पण माझा भार तिच्या शेपटाकडं पडला, तिचं नाक वर झालं आणि चढावर तिची पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. तिसरी दिसायला धिप्पाड होती, पण नुसतीच फुगलेली. काट्यावर माझ्याहून हलकी निघाली. एकीचे ब्रेक काकांना पटले नाहीत, एकीला हूक बसेना. मला चालायची ती काकूंना चालत नव्हती, आणि काकूंना चालायची ती मला झेपत नव्हती. काका प्रत्येक गाडीचं दार बोटानं ठोकून बघायचे. लोक हसायचे. मला हसू येत नव्हतं.

रोज दुपारी जेवणं झाली की काकू माझ्या पलंगावर येऊन आडव्या होत आणि बहिणीला फोन लावत. पलीकडचं मला सगळं ऐकू यायचं.

"कधी येतेस गं?"

"गाडी ठरली की निघालेच."

"आणि मशीन?"

"बांधून ठेवलीय माझ्यासमोर."

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा विश्वास नाही हं. लहानपणी हातसुद्धा लावू द्यायची नाहीस."

पावसाळा गेला, थंडी गेली. धाकटीचा आवाज बारीक होत चालला. काकू फोन कानाला जास्तच दाबून धरू लागल्या. एके दिवशी त्यांनी काकांना सरळ सांगितलं, "अहो, ती जीपच आणा. टोचलं तर टोचलं. थांबत थांबत जाऊ."

"तुझ्या जिवाचे हाल करत नेऊ?" काका म्हणाले. "मग ही एवढी सुतारकी केली कशासाठी? मिळेल गं चांगली. आणखी थोडं थांब."

काकू थांबल्या. दुसरं काय करणार होत्या?

मग एका दुपारी फोन लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी लागला, पण उचलला भाच्यानं. "मावशी, आई गेली काल. तुम्हाला प्रवास झेपायचा नाही म्हणून... सगळं आटोपलंय. आता धावपळ करू नका." काकूंनी "बरं" म्हटलं. फोन उशाशी ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

दोन-चार दिवसांनी काका ती पहिली जीप विकत घेऊन आले. ती अजून विकली गेली नव्हती. कुणी आणायला सांगितलं नव्हतं. त्यांनी तिची ती कडक सीट उचकटून काढली. घरातली काकूंची खुर्ची आणून पाठीचा बाक मापून घेतला, लाकडाचा सांगाडा केला, पट्टे ताणले, वर फोम घातला, कापड चढवलं. मेकॅनिक दारात उभा राहून बघत होता. शहरातल्या निम्म्या घरांतल्या खुर्च्या काकांच्याच हातांनी केलेल्या. मग त्यांनी जीप माझ्यापुढं जोडली आणि काकूंना हाताला धरून आणलं.

काकू बसल्या. बराच वेळ बसून राहिल्या.

"टोचतंय?" काकांनी विचारलं.

"नाही."

"कमरेला?"

"काही नाही. छान झालीय." काकूंनी सीटवरून हात फिरवला. "किती वेळ लागला हो करायला?"

काका खाली बघत होते. "एक दुपार."

"एकच?"

काका जीपच्या चाकाशी मटकन बसले. काकू त्यांच्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. थोड्या वेळानं काका म्हणाले, "उद्या निघू. भाचा आहे, तिचं घर आहे." काकू म्हणाल्या, "तिथं आता माझी वाट कोण बघतंय?" आणि हळूहळू उतरून घरात गेल्या.

जीप विकली गेली, त्या सीटसकट. मी मागं राहिले. काका आता वखारीत फळी ठोकून बघत नाहीत. समोर येईल ती घेतात. कपाटांची दारं घासतात म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात आणि काका मुकाट ऐकून घेतात.

मित्रांनो, माझ्यासारखीला ओढायला गाडी निवडाल तर नीट निवडा. वजन बघा, ब्रेक बघा, त्यात हयगय करू नका, घाटात जीव जातो. पण पलीकडून कुणी "कधी येतेस" म्हणून विचारत असेल, तर सगळ्या बाजूंनी चोख गाडीची वाट बघत बसू नका. जी तुम्हाला सांभाळून नेईल ती घ्या, तिच्यात जे उणं असेल ते आपल्या हातानं भरून काढा, आणि निघा. मला आता कुणी कुठं नेईल अशी आशा नाही. माझी तळाची फळी कुजायला लागली आहे आणि काकांना ते माहीत आहे.

शिलाई मशीन अजून माझ्या भिंतीशी बांधलेलीच आहे. काकूंनी ती सोडू दिली नाही. दुपारी जेवणं झाली की त्या येतात, तिच्यावरची धूळ पुसतात आणि पलंगावर आडव्या होतात. फोन मात्र घरीच ठेवून येतात.