धुराड्याकडे तोंड केलेले मचाण

मी एक जुने मचाण आहे. मचाण म्हटले की तुम्हाला वाघ आठवत असेल, पण मित्रांनो, माझ्या नशिबी वाघ नाही. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, देवदारांच्या दलदलीच्या काठी एका म्हाताऱ्या पाइनला टेकून मी चव्वेचाळीस वर्षे उभे आहे. इतक्या वर्षांत माझ्यावर बसलेल्या माणसांना मी जेवढे पाहिले, तेवढेच हरणांनीही पाहिले. फरक इतकाच की हरणे पाहून निघून जात. मला तशी सोय नव्हती.

माझ्या फळ्या मूळच्या गोठ्यातल्या. हाल्वर टोलेफसनने जुना गोठा मोडला आणि चांगल्या निघाल्या त्या फळ्या खांद्यावर वाहून इथे आणल्या. शिडीला बारा पायऱ्या, वर दोन माणसे दाटीने बसतील एवढी बैठक, पुढे बंदूक टेकायला आडवी दांडी. मजबूत काम. पण बैठक ठोकताना त्याने तिचे तोंड पूर्वेला केले. त्याचा थोरला मुलगा डेल्मर तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि खिळे धरून खाली उभा होता.

"बाबा, हरणांची वाट तर मागे आहे. पश्चिमेला."

"असू दे. इथून खोपीचं धुराडं दिसतं. धूर दाट झाला की समजायचं, क्लीटसनं तवा ठेवला."

"आणि हरणं?"

"हरणं काय, सगळीकडून जातात. पॅनकेक एकाच ठिकाणी मिळतात."

हाल्वरने शेवटचा खिळा ठोकला आणि माझे पुढचे आयुष्य ठरून गेले.

नोव्हेंबरातले नऊ दिवस एवढाच आमच्याकडे बंदुकीच्या शिकारीचा हंगाम. त्या नऊ दिवसांत टोलेफसन मंडळी खोपीत मुक्कामाला येत. क्लीटस हा शेजारच्या शेतातला. त्याला नेम येत नसे म्हणून तो स्वयंपाक करी, आणि स्वयंपाक येत नसूनही कोणी तक्रार करत नसे. उजाडण्यापूर्वी सगळे आपापल्या जागी, दहाच्या ठोक्याला सगळे नाश्त्याला. आमच्याच खोपीत नव्हे, दलदलीच्या चारही बाजूंच्या खोप्यांत हाच रिवाज. दहाला माणसे उठली, रानातून धप्धप् चालू लागली, की हरणेही उठत आणि माझ्या मागच्या वाटेने दलदलीत शिरत. म्हणजे सव्वादहाला. म्हणजे माझ्यावर बसलेला माणूस पॅनकेकवर पाक ओतत असे तेव्हा.

हाल्वर बारा हंगाम बसला. त्याच्यानंतर डेल्मर तीस. डेल्मर मनाने सोन्यासारखा माणूस, पण शिकारी म्हणून त्याची नोंद मी ठेवली आहे ती अशी. चढण्याआधी रोज हरणांच्या वाटेवर जाऊन ताजे ठसे बघायचा, म्हणजे आपल्या बुटांचा वास तिथे पसरून यायचा. सूर्य उगवला की थेट डोळ्यांत, म्हणून तासभर डोळे मिटलेले. खोकल्याच्या गोळ्यांचे चुरचुरणारे कागद दर सकाळी सरासरी सहा. मान उंचावून धुराडे पाहणे, अगणित. तीस वर्षांत त्याने तीन हरणे मारली आणि सात वेळा नेम चुकवला.

खोपीत नियम होता. नेम चुकला की अंगातल्या शर्टाचे शेपूट, म्हणजे मागचा खालचा तुकडा, कात्रीने कापून भिंतीवर ठोकायचा. डेल्मरचे सात तुकडे भिंतीवर होते. ते सातही शर्ट त्याची बायको व्हर्ना हिने डिसेंबरात दुमडून शिवून पुन्हा घालण्याजोगे केले होते.

त्याच्या तीन हरणांतले एक तर झोपेत मिळाले. रात्री पत्ते खेळून तो माझ्यावर चक्क घोरत पडला, नाश्त्याला उतरलाच नाही. साडेदहाला जाग आली तेव्हा पाठीमागे हरीण उभे. खोपीत या प्रकरणावर खूप खल झाला आणि सर्वानुमते ठरले की डेल्मरच्या घोरण्याला हरणे भुलतात. मित्रांनो, माणसाला खरे कारण हातात आणून दिले, तरी तो ते बाजूला ठेवून मजेशीर कारण उचलतो. हे मी इथे उभ्या उभ्या शिकले.

गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये डेल्मर गेला. हृदयाने दगा दिला, अंगणातले बर्फ ओढताना. त्या वर्षी सप्टेंबरात त्याचा धाकटा भाऊ ऑर्विल करवत घेऊन माझ्या पायथ्याशी आला. बरोबर व्हर्ना होती.

"फळ्या जुन्या झाल्यात, वहिनी. तिसरी पायरी तर हलते. हिवाळ्यात शेगडीला होतील."

"त्याच्या थर्मासचं टोपण वर खिळ्याला आहे. तेवढं काढून आणते, मग काप."

ती चढली. टोपण हातात घेतले. मग तिने पूर्वेला पाहिले, तर समोर खोपीचे धुराडे, दार, दाराशी डेल्मरची लाकडे फोडायची जागा. ते काही तिला बघवेना. तिने पाठ फिरवली आणि फळीवर उलट्या तोंडाने बसली. एकेचाळीस-बेचाळीस वर्षांत माझ्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसलेले ते पहिले माणूस.

ऑर्विल खाली करवतीला धार लावत बसला. बराच वेळ गेला. नाश्त्याच्या सुमाराला, खोपी झाडायला आलेल्या क्लीटसने तिकडून दोघांना हाक मारली, ऑर्विल लगबगीने गेला. व्हर्ना बसून राहिली. आणि सव्वादहाला माझ्या मागून, म्हणजे आता तिच्या पुढून, तीन माद्या एकामागून एक चालत गेल्या. सवयीच्या रस्त्याने बाजारहाटाला निघावे तशा.

व्हर्ना हसली. मार्चनंतर ती हसलेली मी तरी पाहिली नव्हती. "तीस वर्षं पाठ करून बसलास रे," ती टोपणाला म्हणाली.

ऑर्विल मिशीला पाक लावून परतला तेव्हा ती खाली उभी होती.

"कापायचं नाही. या हंगामात मी बसणार."

"तुम्ही?"

"माहेरी बंदूक मीच चालवत होते. तुमच्या घरात आले तेव्हा तवा हातात दिलात."

ऑर्विलने करवतीकडे पाहिले. "बरं. नऊ दिवस. काही मिळालं नाही तर मचाण शेगडीत. आणि नेम चुकला तर शर्टाचं शेपूट भिंतीवर. नियम सगळ्यांना सारखा."

"शर्ट डेल्मरचा असेल. लाल-काळ्या चौकटींचा, लोकरी. तेवढा एकच न कापलेला उरलाय."

त्याने करवत काखेत मारली. मग म्हणाला, "शर्ट कुणाचा ते कात्री विचारत नाही, वहिनी."

असा माझा जीव आणि डेल्मरचा शेवटचा शाबूत शर्ट एकाच डावावर लागले.

व्हर्ना कामाला लागली. तिने बैठक उखडून पश्चिमेला वळवली आणि डेल्मरच्या टोपणाचा खिळाही तिकडे ठोकला. हलणारी पायरी बदलली. पायाचा आवाज होऊ नये म्हणून फळ्यांवर गोणपाट अंथरले. पडू नये म्हणून कंबरपट्टा आणला आणि तो पहिल्या पायरीपासून अडकवता येईल असा दोर पाइनवरून खालपर्यंत सोडला. वाटेच्या आड येणाऱ्या फांद्या छाटल्या, त्याही थोड्याच आणि सप्टेंबर संपण्याआधी. हंगामाच्या तोंडावर रान साफ केले तर हरणे बिचकतात. दीड महिना मिळाला तर नव्या उजेडाची त्यांना सवय होते. मग कागदी बशा झाडाखाली टेकवून वरून नेम धरायचा सराव. उंचावरून गोळी कशी जाते ते जमिनीवर उभे राहून कळत नाही.

आणि रस्त्याकडेच्या रुईसारख्या झुडपाच्या वाळक्या शेंगा तिने खिशात भरल्या. तुम्ही ज्यांना म्हाताऱ्या म्हणून फुंकर मारून उडवता ना, तसल्याच पांढऱ्या म्हाताऱ्या त्यांत असतात.

हंगामाचा पहिला दिवस उजाडायच्या आत ती आली. पायथ्याशी उभी राहून तिने एक म्हातारी सोडली. ती तरंगत पश्चिमेला गेली, थेट हरणांच्या वाटेवर. व्हर्नाने बंदूक खांद्याला अडकवली आणि परत फिरली. ऑर्विल आपल्या जागेकडे चालला होता.

"काय वहिनी, एवढ्यात थंडी वाजली?"

"वारा उलटा आहे. माझा वास वाटेवर जातोय."

"डेल्मर तीस वर्षं बसला. त्यानं कधी वाऱ्याला विचारलं नाही."

"म्हणून तीस वर्षं हरणांना ठाऊक होतं, त्यानं सकाळी काय खाल्लं ते."

चार दिवस वारा पूर्वेचाच. चारही दिवस ती आली, म्हातारी सोडली, परत गेली. पाचव्या दिवशी ऑर्विलने करवत आणून माझ्या बुंध्याला टेकवून ठेवली. "पुन्हा वाहून आणायला नको," म्हणाला. सहाव्या-सातव्या दिवशी वारा फिरला, ती दिवसभर बसली. दिसले काय, तर एक खार आणि एक साळिंदर. मी खाली करवतीकडे बघत होते. तिचे दात चांगले होते.

आठव्या दिवशी, शनिवारी, बर्फ पडले आणि पश्चिमेचा वारा सुटला. म्हातारी खोपीकडे गेली. व्हर्ना ठशांच्या वाटेला न फिरकता पूर्वेच्या बाजूनेच आली. पट्टा बांधला, वर गेली, मग दोरीने रिकामी बंदूक ओढून घेतली आणि बसल्यावर भरली. नारिंगी जाकिटाच्या आत लाल-काळा शर्ट. टोपण खिळ्यावर.

साडेनऊ झाले. पावणेदहाच्या सुमारास दलदलीतून एक नर आला. शिंगांना दहा टोके. असा नर डेल्मरने नुसता स्वप्नात पाहिला असता तरी महिनाभर खोपीत सांगितले असते. व्हर्नाचा श्वास थांबला, हे मला फळीतून कळले. पण नर हेझलच्या झुडपात तिरपा उभा होता, मधे बोटभर जाडीची फांदी. तिने बंदूक उचलली, धरून ठेवली. पंधरा मोजले. तिचा अंगठा नकळत शर्टाच्या काठाला लागला. मग तिने बंदूक खाली घेतली आणि तो नर उत्तरेला निघून गेला.

लाकडाला घाम फुटत नाही म्हणतात. ते खरे नाही.

थोड्या वेळाने उत्तरेकडून, ऑर्विलच्या जागेच्या बाजूने, धाड् असा एक आवाज आला. मग काही नाही. दहा वाजले. दुसरे कोणी असते तर बातमी विचारायला पळाले असते. व्हर्नाने कापडात गुंडाळलेली लेफ्सा काढली, लोणी-साखर लावलेली बटाट्याची पातळ पोळी. कापडाचा आवाज होत नाही. सावकाश चावून खाल्ली. पाठीमागे धुराडे भडाभडा धूर ओकत असणार, पण तिची पाठ होती तिकडे.

साडेअकराला दोन माद्या आणि एक दुटोकी शिंगांचा तरुण नर त्या वाटेने आले. नर मोकळ्यात थांबला, पूर्ण आडवा, मधे काही नाही. एक गोळी, पुढच्या पायाच्या जरा मागे. तो वीसेक पावले धावला आणि बर्फात बसला तो उठला नाही.

व्हर्नाने बंदूक रिकामी केली आणि तिथेच बसून राहिली. शिकार झाली की लगेच उतरून धावायचे नाही, हे तिच्या बापाने शिकवले होते. ऑर्विल मात्र धावत आला.

"वहिनी, मिळालं की चुकलं?"

"मिळालं. जरा वेळाने उतरते. दहाच्या जरा आधी तुझी गोळी ऐकली. तुझं काय?"

तो बुटाने बर्फ उकरू लागला. "नाश्त्याला निघालो होतो. दहा टोकांचा होता, वहिनी. काय सांगू. नेमकी फांदी आडवी आली."

"मलाही आली होती," व्हर्ना म्हणाली. "त्या हेझलमध्ये. म्हणून मी गोळी घातली नाही."

ऑर्विल खालून वर बघत राहिला. तिच्याकडे, मग वळवलेल्या बैठकीकडे, मग खिळ्यावरच्या टोपणाकडे. मग कधी नव्हे तो आपणहून म्हणाला, "खोपीत क्लीटस कात्री घेऊन बसलाय."

"बसू दे. सात शिवले, आठवाही शिवून देईन."

त्याने माझ्या बुंध्याची करवत उचलली. माझ्या सगळ्या फळ्या ताठ झाल्या. तो तिने दाखवलेल्या हेझलच्या झुडपाशी गेला, ती बोटभर फांदी कापली आणि करवत खांद्यावर टाकून हरीण ओढायला दोर आणायला गेला.

मित्रांनो, या ऑगस्टात ऑर्विल पुन्हा आला. तीच करवत, आणि नव्या ओकच्या चार फळ्या. दोन दिवस खपून त्याने माझी शिडी नव्याने ठोकली. काम झाल्यावर वर चढून बसला, पश्चिमेकडे तोंड करून. पाच मिनिटांत मान मागे वळली.

"मान," खालून व्हर्ना म्हणाली.

"सवय आहे, वहिनी."

"क्लीटस यंदापासून एक वाजता तवा ठेवणार आहे. मी सांगितलंय त्याला."

"एक वाजता? बाबा थडग्यात उठून बसतील."

"बसू देत. बसले तर पश्चिमेकडे तोंड करून बसा म्हणावं."

तर मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. उन्हाळ्यात एकदा येऊन माझ्यासारख्यांच्या पायऱ्या हलवून बघत जा. बर्फात मोडलेली पायरी कोणाला माफ करत नाही. पाय जमिनीवरून उचलण्याआधी पट्टा बांधा. वाऱ्याला विचारा, त्याला राग येत नाही. फांदी आडवी असेल तर बंदूक खाली घ्या. आणि वर्षानुवर्षे बसूनही काही हाती लागले नाही, तर जागेला शिव्या देऊन करवत आणण्यापूर्वी एकदा उलटे वळून बसून बघा.

नोव्हेंबर जवळ आला आहे. ओकच्या नव्या फळ्यांची आणि माझी अजून नीट ओळख व्हायची आहे. डेल्मरचे टोपण त्या पश्चिमेच्या खिळ्यावरच आहे. वारा आला की ते हळूच हलते, आणि सव्वादहाला वाटेवरून हरणे जातात तेव्हा त्याचे तोंड त्यांच्याकडेच असते.