कावळे हाकलणारं डिस्प्ले कार्ड

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेत त्या बांबूला सुतळीने टांगलेला हिरवा तुकडा दिसतोय ना, तो मी. डिस्प्ले कार्ड. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणं हे माझं काम होतं. सध्या कावळे हाकलतो. म्हणजे मला ठेवलंय त्यासाठी. कावळे खुशाल येऊन माझ्यावर बसतात.

माझा जन्म तैवानचा. हे मी पूर्वी सगळ्यांना सांगायचो, कोणी विचारलं नाही तरी. तारापूरच्या एका कारखान्यात मी पाच वर्षं यंत्रांचे नकाशे दाखवले. मग तिथे नवे कॉम्प्युटर आले, जुने विकायला काढले, आणि मी ज्याच्या पोटात होतो तो हंसाच्या घरी आला. हंसाने आयटीआयला ड्राफ्ट्समनचा, म्हणजे असे नकाशे काढायचा, कोर्स केला होता. तिचा बाप कमलाकांत होडी चालवतो. घर समुद्राला लागून. खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात माझे सोनेरी दात, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, हिरवे पडले. तरी माझा तोरा होताच.

तोरा कसला म्हणा! हंसाने नकाशा मोठा करून बघायला घेतला की मी एकेक रेघ काढत बसायचो. तेवढ्यात ती चहा करून, पिऊन, कप धुऊन यायची. मला वाटायचं, बारीक काम आहे, वेळ लागणारच.

सत्त्याण्णव साली त्याच कारखान्यातल्या आनंदासाहेबांनी तिला सांगितलं, "सोमवारी दहाला पंपाचा नकाशा फ्लॉपीत घालून आण. जमला असेल तर मंगळवारपासून कामाला ये."

माझ्या वेगाने तो व्हायचा नाही, म्हणून हंसाने शनिवारी बोईसरहून नवं कार्ड आणलं. रविवारी सकाळी मला उपटून खिडकीत ठेवलं, नव्याला टेबलावर काढलं आणि ती पाणी भरायला गेली.

कमलाकांतने मला उचलून माझे दात बघितले. "ह्याची तर पार वाट लागली," म्हणाला. होडीच्या इंजिनाला खारं लागू नये म्हणून तो दर आठवड्याला ग्रीस चोपडतो. तोच डबा त्याने आणला आणि नव्याच्या चकचकीत दातांवरून ग्रीसचं बोट फिरवलं. हे काही खरं नाही, ग्रीसमधून वीज जात नाही, हे मला कळत होतं. मी काय केलं? खूश झालो. म्हटलं, लाव बाबा, अजून लाव.

हंसा आली. घाईत तिचं लक्ष गेलं नाही. कार्ड बसवलं, बटण दाबलं. पडदा काळा. काढून पुन्हा बसवलं, तरी काळाच. ती खुर्चीत बसून रडायला लागली.

"निम्मा नकाशा बाकी हाय, बाबा. उद्या काय नेऊ?"

कमलाकांत दारात उभा राहून बोटाचं ग्रीस पुसत राहिला. माझी सगळी खुशी जिरली.

शेवटी तिने मलाच उचललं. खोडरबराने माझे दात घासले आणि जुन्या खाचेत बसवलं. नव्याची खाच वेगळी होती. पडदा उजळला. त्या दिवशी मी जीव तोडून रेघा काढल्या. वेग तेवढाच होता, उगाच खोटं कशाला सांगू. हंसा चहालाही उठली नाही. दिवेलागणीच्या आत नकाशा फ्लॉपीत गेला.

तेव्हा कुठे कमलाकांत बोलला. "हंसा, त्या नव्याला मीच ग्रीस लावलं. ह्याचे दात बघितले ना, म्हटलं त्याचं असं होऊ नये. तुझं काम बंद पडू नये."

"बाबा, ती काय होडी हाय?" हंसा म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मायेपोटी केलं होतं. मी नुसता जळत बसलो होतो.

हंसाला काम मिळालं. नवं कार्ड स्पिरिटने पुसून पुन्हा बसवलं, ते झरझर चित्रं काढतं. मी इथे आलो.

दर रविवारी इंजिनाचं काम उरकलं की कमलाकांत बोटाला उरलेलं ग्रीस माझ्या दातांना लावतो. "तू टिकायला पायजे," म्हणतो. मी गुपचूप लावून घेतो. हंसा, कधी माझी गरज पडलीच, तर मी इथेच आहे. फक्त बसवायच्या आधी तेवढे दात पुसून घे.